बारा गुरुवारांच्या चिठ्ठ्या

१

शनिवारी सकाळी तळ्याच्या पूर्वेच्या काठाला मासे लागले होते. दोन-चार असते तर कोणी पाहिलंही नसतं. पण धक्क्यापासून पार लव्हाळ्यांपर्यंत पोटं वर केलेल्या माशांची रुपेरी पट्टी पसरली होती. पाणी ओढणारा नळ त्याच काठाला असल्यामुळे तासाभरात गावातल्या घराघरांत लोक नळापाशी नाक नेऊन एकमेकांकडे बघत उभे राहिले. पाण्याला कुजक्या अंड्यासारखा वास येत होता.

दुपारी हेडमास्तर टपाल-आत्याच्या दारात आले. हेडमास्तरांनी शाळा सोडून नऊ वर्षं झाली होती आणि आता ते तळं-समितीचे अध्यक्ष होते. गावाच्या तोंडातून मात्र 'हेडमास्तर' सुटलं नव्हतं. आत्याचंही तसंच. ती कोणाची सख्खी आत्या नव्हती. तिनं टपाल खात्यात चौतीस वर्षं काढली होती, त्यातली वीस पत्ता न लागणाऱ्या पत्रांच्या खोलीत. पावसात धुतलेले, उंदरानं कुरतडलेले, रडत रडत लिहिलेले पत्ते तिच्या टेबलावर यायचे आणि बहुतेक वेळा तिथून घरी पोचायचे. माणसांपेक्षा तिला पाकिटं बरी वाटत, कारण पाकिटं उलट प्रश्न विचारत नाहीत.

"आत्याबाई, मंगळवारी दहाला बैठक आहे," हेडमास्तर खुर्चीच्या टोकावर बसत म्हणाले. "वल्हेकाकांना काढायचं म्हणतात."

आत्याचा हात किटलीवरच थांबला. "काकांना? तळ्यावरून?"

वल्हेकाका एकतीस वर्षं तळ्यावर होते. दर गुरुवारी ते नाव घेऊन मधोमध जात आणि पाण्याच्या दोन बाटल्या भरत, एक वरच्या पाण्याची, एक तळाची. प्रत्येक बाटलीच्या गळ्यात पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधत आणि तिच्यावर तारीख, खोली, तापमान आणि वास लिहीत. बाटल्या लॅबमध्ये जात. गावाला तळ्याची खबर मिळायची ती एवढीच.

"गेले बारा गुरुवार तळाच्या चिठ्ठीवर लिहिलंय, 'वास नाही'. लॅबचा निकालही उत्तम," हेडमास्तर म्हणाले. "आणि आज तळाचं पाणी तपासलं तर त्यात प्राणवायूचा टिपूस नाही. तळ दोन दिवसांत नासत नाही, त्याला महिने लागतात. म्हणजे काका मधोमध जातच नव्हते. काठावर बाटली बुडवायची आणि खुशाल 'वास नाही' लिहायचं."

"आणि काका काय म्हणतात?"

"म्हणतात, मी दर वेळी गेलो, दर वेळी घाण वास आला, दर वेळी तसं लिहिलं."

"मग चिठ्ठ्या दुसऱ्या कोणी लिहिल्या असतील."

हेडमास्तरांनी मान हलवली. "मलाही तेच वाटलं. त्यांच्यापुढे बाराही ठेवल्या. बराच वेळ बघत बसले आणि म्हणाले, अक्षर माझंच आहे."

२

काकांची खोली धक्क्यालगतच होती. दाराबाहेर जुना ब्रश टांगलेला. नावेत पाय ठेवणाऱ्या प्रत्येकानं आधी तळवे घासायचे, बाहेरची घाण तळ्यात न्यायची नाही, हा काकांचा कायदा. एकदा खुद्द पाणीमंत्री आले होते तेव्हा त्यांनाही बूट काढायला लावले होते. नावेला इंजिन बसवू देईनात. धोबीघाटाचं साबणाचं पाणी थेट तळ्यात यायचं, तर त्याच्या तोंडाशी काकांनी चार पावसाळे खपून लव्हाळ्यांची पट्टी लावली. पाणी आता त्या पट्टीतून रांगत रांगत यायचं आणि साबण मुळांपाशी ठेवून यायचं. हे काम कोणी सांगितलं नव्हतं. त्याचं कौतुकही कोणी केलं नव्हतं.

"या आत्याबाई. पाय घासलेत?"

"घासले."

"मग बसा."

एरवी यावर दोघंही हसली असती. आज काका मांडीवरच्या शाईच्या पेनाचं टोपण नुसतं काढत-घालत होते. पेन त्यांच्या बायकोनं दिलेलं. ती जाऊन सात वर्षं झाली होती.

"काका, वास येत होता तर कोणाला बोलला का नाहीत?"

"बोललो की, चिठ्ठीवर. माझं काम लिहिण्याचं. वाचणारी पोरगी शिकलेली आहे. ती काही बोलत नाही म्हणजे बघून घेत असेल, असं धरून चाललो. शिकलेल्या माणसाला रोज उठून काय विचारायचं?"

"बांधलेली चिठ्ठी पुन्हा बघता कधी?"

"छे. वास घेतला, लिहिलं, गाठ मारली, खोक्यात ठेवलं. नंतर ती बाटलीची."

खिडकीतून तळं दिसत होतं. वारा पडला होता आणि पाणी असं निजलं होतं की सकाळचं खरं वाटू नये.

"लेक म्हणते, डॉक्टरकडे जाऊ या," काका हळूच म्हणाले. "माझ्या बापाचं असंच झालं होतं. शेवटी शेवटी आईला विचारायचे, तुम्ही कोण? त्याआधी दोन वर्षं सगळं ठीक वाटत होतं." त्यांनी पेन बाजूला ठेवलं. "आत्याबाई, वल्हं काढून घ्यायचं तर घेऊ द्या. अडुसष्ट झाली. पण मी 'वास' लिहिलं होतं की 'वास नाही', एवढं मला शोधून द्या. मला आठवतंय ते खरं की त्या चिठ्ठ्या खऱ्या? अक्षर माझं आहे हो. मीच लिहिलं असेल आणि मलाच ठाऊक नसेल, तर..."

आत्याला धीराचं बोलणं कधी जमलं नव्हतं. तिनं बिनपत्त्याचं पत्र उचलावं तसा तो प्रश्न उचलला आणि बाहेर पडली. चिठ्ठ्या खऱ्या निघाल्या तर हे उत्तर घेऊन परत यायचं कोणत्या तोंडानं, हे मात्र तिला कळेना.

३

रविवार असूनही लॅब उघडी होती. केमिस्ट मुलगी तिसरा चहा पीत होती आणि डोळ्यांवरून झोपलेली दिसत नव्हती. तीन वर्षांपूर्वी ती इथं आली, तेव्हापासून गावातल्या निम्म्या लोकांना तिचा धाक होता आणि उरलेल्यांना अभिमान.

"पूर्वेलाच मासे का मेले?" आत्यानं विचारलं.

मुलीनं तिच्यापुढे साय आलेला चहा सरकवला. "फुंकर मारा."

आत्यानं मारली. साय पलीकडच्या कडेला गेली.

"अलीकडे काय दिसतंय? खालचा चहा. शुक्रवारी दिवसभर सोसाट्याचा वारा होता ना, त्यानं वरचं ऊन पाणी पश्चिमेला ढकललं आणि तळाचं नासलेलं पाणी पूर्वेला वर आलं. मासे गुदमरले." ती खुर्चीत मागे रेलली. "मी बारा आठवडे 'उत्तम' म्हणून सही करत होते, आत्या. माझंच तोंड मला बघवत नाहीये."

"बाटल्या आल्या की आधी काय करतेस?"

"खोकं उघडलं की पहिल्यांदा चिठ्ठ्या कापून घेते. नाहीतर टेबलावर भिजतात. सगळ्या जपून ठेवल्यात." तिनं दोन खण ओढले. एका खणात वरच्या पाण्याच्या चिठ्ठ्या, दुसऱ्यात तळाच्या, तारखेप्रमाणे दोऱ्यात ओवलेल्या. आत्याच्या मनात आलं, टपाल खात्यात असती तर हिला मी माझी खोली दिली असती.

"काकांचं अक्षर कसं असतं?"

"अक्षर चांगलं आहे. पण ते शाईचं पेन! तीन वर्षं भांडतेय. उन्हाळ्यात तळाची चिठ्ठी बघावी तर निळा चिखल. मार्कर दिला, तो त्यांनी जपून ठेवला, म्हणाले चांगला आहे, कशाला संपवायचा! हल्ली मात्र सुधारलेत. गेल्या काही चिठ्ठ्या कशा टापटीप आहेत बघा. मीच त्यांना शाबासकी देणार होते." ती ओशाळून हसली. "आता कसली शाबासकी."

आत्यानं बारा चिठ्ठ्या भिंगाखाली धरल्या. काकांचा वाकडा 'स', काकांचा ठेंगणा 'ह'. भिंगाला काही गवसेना.

"खोकं तुझ्याकडे किती वाजता येतं?"

"पूर्वी साडेबाराला यायचं. गेले तीन महिने अडीचला येतं." मुलीनं आवाज खाली आणला. "आणतात जावईबापू. आणि आत्या, काकांच्या जागी नाव कोणाला हवीय, हे काय मी सांगायला पाहिजे?"

४

जावईबापू म्हणजे काकांचा जावई, पाणीखात्याच्या गाडीचा ड्रायव्हर. त्याला सारा गावच जावईबापू म्हणायचा आणि तो सगळ्यांच्याच घरी जावयासारखा चहा प्यायचा. सोमवारी सकाळी आत्यानं त्याला गाडी धुताना गाठलं.

"गुरुवारी बारा ते दोन कुठं असता?"

त्याच्या हातातला पाइप खाली पडून त्याच्याच चपला भिजल्या. "जेवायला."

"दोन तास?"

"सावकाश जेवतो."

"तुमची बायको म्हणाली, गुरुवारी तुम्ही जेवायला घरी येत नाही. डबा तसाच परत येतो."

तो कानापर्यंत लाल झाला. इकडेतिकडे पाहून त्यानं गाडीच्या सीटखालून एक पिशवी काढली. आतून एक ओली चड्डी निघाली आणि बदकाचं तोंड असलेली एक फुगवायची पिवळी ट्यूब.

"हसू नका."

"नाही हसत."

"हसताय!"

"बदक कोणाचं?"

"पोहण्याच्या क्लासात मोठ्या मापाचं हेच होतं. सगळी सहा-सात वर्षांची पोरं आणि मी." त्यानं बदक घाईघाईनं आत कोंबलं. "सासरे म्हणाले होते, पोहता येत नाही त्यानं माझ्या नावेत पाय ठेवायचा नाही. लग्नाला अकरा वर्षं झाली, आत्या, मी अजून तळ्याच्या मध्यावर गेलेलो नाही! म्हटलं शिकावं गुपचूप आणि एक दिवस त्यांच्यापुढे उडीच मारावी. नाव मला त्यांच्याकडून शिकून हवी आहे हो. अशी हिसकावून नको."

आत्याचा त्याच्यावर विश्वास बसला. बदक घेऊन कोणी खोटं बोलत नाही.

"मग त्या वेळात बाटल्यांचं खोकं?"

"गाडीत उन्हात कसं ठेवणार? नाहीतरी पंपसाहेबांचा शिक्का लागतोच. पूर्वी मिनिटभरात शिक्का मारून निघायचो. आता त्यांच्याच खोलीत ठेवून जातो आणि दोनला उचलतो." तो थांबला. "का हो? त्यांच्याइतका सज्जन माणूस गावात नाही."

५

हे आत्यालाही मान्य होतं. पंपहाऊसचे साहेब बत्तीस वर्षांच्या नोकरीत एकदाही उशिरा आले नव्हते. उडालेल्या रंगाच्या भिंतींचं ते जुनं ऑफिस त्यांनी असं ठेवलं होतं की तिथं पेन्सिलीसुद्धा उंचीप्रमाणे रांगेत उभ्या. पुढच्या महिन्यात ते निवृत्त होणार होते.

"बसा आत्याबाई. चहा सांगतो."

चहा आला. कपातला चहा आरशासारखा स्थिर होता. साहेब हळू, मऊ आवाजात बोलत होते. "काकांचं फार वाईट वाटतं मला. मंगळवारी मी सांगणार आहे, चौकशी नको, ठपका नको. वय झालंय. मानानं घरी पाठवू. निरोपसमारंभ करू."

भिंतीवर तळ्याचा मोठा नकाशा होता, हातानं काढलेला. खोलीच्या रेषा केसासारख्या बारीक, आणि अक्षर जुन्या वळणाचं, सुरेख. आत्या आपसूक उठून जवळ गेली.

"किती देखणा आहे हो!"

साहेबांचा चेहरा उजळला. "मूळ नकाशा साठ वर्षांपूर्वीचा. वाळवीनं खाल्ला. मी ड्राफ्ट्समन म्हणून लागलो होतो तेव्हा तो उतरवून काढला. त्या जुन्या माणसाच्या अक्षरासकट, जसाच्या तसा."

"जसाच्या तसा?"

"एक शाईचा डाग होता, उत्तरेच्या कोपऱ्यात. तो तेवढा मी घेतला नाही." ते हसले. "माझ्या हातून डाग पडत नाही, हा माझा दोषच म्हणा."

आत्याही हसली. मग बसून तिनं चहा संपवला. "इथं किती शांत वाटतं," ती म्हणाली. "पूर्वी मी रजिस्टर घेऊन यायची तेव्हा ओरडून बोलावं लागायचं."

"खालचं हवेचं यंत्र. उन्हाळाभर तळाला हवा सोडतं ते. त्याच्याखाली रबराचे ठोकळे बसवलेत मी. आता आवाज नाही."

ती बाहेर आली. फाटकापाशी पोचल्यावर तिला वाटलं, आपलं आत काहीतरी राहिलंय. छत्री? छत्री हातात होती. चष्मा? नाकावर. पिशवी? खांद्याला. ती पाच मिनिटं फाटकाला धरून उभी राहिली, पण काय राहिलं ते आठवेना. बैठकीला एक रात्र उरली होती आणि तिच्याकडे सांगण्यासारखं काहीच नव्हतं.

६

मंगळवारी सकाळी आठला ती धक्क्यावर गेली, पाय घासले आणि म्हणाली, "काका, मला मध्यावर न्या. गुरुवारी करता तसं सगळं करून दाखवा. काही गाळू नका."

"आज मंगळवार आहे."

"तळ्याला काय ठाऊक!"

काका पहिल्यांदा जरासे हसले.

हवा दमट होती आणि इतक्या सकाळीही अंगाला चिकटत होती. काकांचं वल्हं पाण्यात जाताना आवाज करत नव्हतं. मध्यावर पोचल्यावर त्यांनी काठावरच्या तीन खुणा डोळ्यांनी जुळवल्या, पाण्याच्या टाकीचं टोक, जुना उंबर, शाळेची घंटा, आणि नाव बोटभर मागे घेतली. वरची बाटली भरली. तिला चिठ्ठी लिहिली, बांधली. मग दोरीला लावलेलं धातूचं भांडं खाली सोडलं. दहा मजल्यांची इमारत बुडेल एवढी दोरी गेली. दोरीवरून एक वजन सोडलं, खाली जाऊन त्यानं भांड्याचं झाकण मिटलं, आणि त्याचा बारीकसा ठोका काकांनी बोटांनी ऐकला. एकतीस वर्षं, दर गुरुवारी, कोणी बघत नसताना हा माणूस हे इतक्या निगुतीनं करत आला. आत्याला एकदम वाटलं, आपण कोणत्यातरी मोठ्या कामाच्या खोलीत न विचारता शिरलोय, आणि ती अंग चोरून बसली.

काकांनी तळाचं पाणी बाटलीत ओतलं, डोळे मिटून वास घेतला आणि तोंड वाकडं केलं. आत्यालाही तो आला. मांडीवर पुठ्ठा ठेवून त्यांनी लिहिलं: तळ. नऊ अंश. कुजका वास.

"हेच लिहायचो," ते म्हणाले. "देवाशप्पथ हेच."

त्यांनी चिठ्ठी बाटलीच्या गळ्यात बांधली. आत्या बघत राहिली. तळाच्या थंडगार पाण्यानं काच गार पडली होती आणि दमट हवेत तिला बाहेरून घाम फुटत होता. आधी धुकं, मग थेंब, मग ओघळ. चिठ्ठी ओल्या काचेला चिकटली. 'वास'मधला 'स' फुगला, त्याला निळे पाय फुटले, आणि बघता बघता 'कुजका'चा निळा चिखल झाला.

शेजारी वरच्या पाण्याची बाटली कोरडी ठणठणीत होती. तिच्यावरचं अक्षर तसंच्या तसं.

"असं दर वेळी होतं?" आत्यानं विचारलं.

"कोण बघतंय! बहुतेक होत असेल. ती पोरगी उगाच का भांडते?"

आत्यानं नावेची कड घट्ट धरली. काल पंपहाऊसमध्ये काय राहिलं होतं, तेही आता आठवलं. राहिलं काही नव्हतं. तिथं काहीतरी नव्हतंच.

"काका, वल्हं मारा. बैठक दहाला आहे."

७

बैठक पंपहाऊसच्याच ऑफिसात होती. हेडमास्तर, समितीची चार माणसं, केमिस्ट मुलगी, दाराशी जावईबापू. काका कोपऱ्यात, डोकं खाली घालून. आत्याला चारचौघांत बोलण्याची सवय नव्हती. तिनं पाणी प्यायलं, आणखी पाणी प्यायलं, आणि शेवटी माणसांकडे न बघता टेबलाकडे बघत बोलायला लागली.

तिनं चिठ्ठ्यांच्या दोन ओळी मांडल्या. "ही वरच्या पाण्याची. बारा महिने स्वच्छ. ही तळाची. हिवाळ्यात स्वच्छ, उन्हाळ्यात फिसकटलेली. हे तीन वर्षांपूर्वीचं. हे दोन वर्षांपूर्वीचं. हे गेल्या वर्षीचं." मग तिनं सकाळची चिठ्ठी मध्ये ठेवली. अजून ओलसर होती. "हे आज, माझ्या डोळ्यांदेखत. उन्हाळ्यात तळाच्या बाटलीला घाम येतो आणि शाई पसरते. न पसरून सांगते कुणाला!"

"मग यंदाच्या..." केमिस्ट मुलगी अर्धवट उठली. "अगं आई गं. टापटीप!"

"यंदा उन्हाळ्याचे पहिले तीन गुरुवार फिसकटलेले, आणि मग ओळीनं बारा कोरे करकरीत. काकांनी काठावर पाणी भरून खोटं लिहिलं असतं, तरी इतक्यांदा हात लागून, नावेतल्या ओलीत, एखादी तरी चिठ्ठी भिजली असती. ह्या बारांना तळ्याची हवाच लागलेली नाही. कोरड्या टेबलावर, कोरड्या हातानं लिहिल्यात. काकांचं अक्षर उतरवून."

"पण कोणी?" हेडमास्तर म्हणाले.

"हिनं नाही. ही तीन वर्षं त्या डागांशी भांडली. खोटी चिठ्ठी करायची असती तर हिनं आधी डाग पाडला असता. जावईबापूंचं अक्षर कोंबडीच्या पायांचं आहे, आणि त्या वेळात ते..." जावईबापूंनी हात जोडले. "...दुसरीकडे होते, मी खात्री केलीय. तेव्हा खोकं ज्या खोलीत असायचं, ती ही."

सगळ्यांच्या माना वळल्या. साहेब पेन्सिली सरळ करत होते. त्या सरळच होत्या.

"हा नकाशा बघा," आत्या जवळजवळ क्षमा मागितल्यासारखी म्हणाली. "दुसऱ्याचं अक्षर इतकं हुबेहूब उतरवणारा हात गावात एकच आहे. आणि तो हात डाग तेवढा घेत नाही. साहेबांनी काकांची खरी चिठ्ठी बघितली, फिसकटलेली. त्यांना वाटलं, म्हाताऱ्याचा गबाळेपणा. स्वच्छ करून लिहिली, 'कुजका वास'च्या जागी 'वास नाही', आणि तळाच्या बाटलीत वरचं पाणी भरलं, म्हणून लॅबचा निकालही उत्तम."

"पण कशासाठी?" कोणीतरी विचारलं.

"आपण सगळे हळू बोलतोय," आत्या म्हणाली. "हेडमास्तर, मागच्या उन्हाळ्यात तुम्ही इथं बैठकीत कसे बोलायचात?"

"ओरडून. घसा बसायचा माझा."

"रबरानं आवाज कमी होईल. पण काल माझ्या कपातला चहा थरथरतसुद्धा नव्हता. खालची फळी उघडता का?"

जावईबापूंनीच जमिनीतली फळी उचलली. खाली हवेचं यंत्र होतं. त्याच्या पट्ट्यापासून चाकापर्यंत कोळ्यानं ऐसपैस जाळं विणलं होतं, आणि जाळ्यावर धूळ साचली होती.

मग साहेब उभे राहिले.

"उन्हाळ्याच्या तोंडाशी मीच उघडलं," ते म्हणाले. "परवानगी न घेता. वाटलं, साफ करून बसवू. आतला दांडा माझ्याच हातून मोडला. कळवलं असतं तर बत्तीस वर्षांत पहिला ठपका आला असता, जाता जाता. म्हटलं, एक आठवडा. तेवढ्यात सुटा भाग मिळवतो. तो मिळाला नाही. मग आणखी एक आठवडा." त्यांचा मऊ आवाज फाटला. "मासे मेल्यावर मात्र... काकांच्या नावावर मी ढकललं. ते मी केलं."

आता सगळे काकांकडे बघत होते. काका हळूहळू उठले, टेबलाशी आले आणि सकाळची फिसकटलेली चिठ्ठी त्यांनी दोन्ही हातांनी उचलली.

"साहेब, यंत्र बिघडल्याचा राग नाही हो," ते म्हणाले. "लोखंड आहे, मोडतं. पण तीन रात्री मी आरशापुढे उभा राहून स्वतःला विचारत होतो, तू कोण? ते तुम्ही करायला नको होतं."

साहेबांनी मान खाली घातली, ती नंतर वर केली नाही.

काका आत्याकडे वळले. त्यांचे डोळे भरले होते आणि तोंड हसत होतं. "म्हणजे मी वास लिहिला होता."

"बारा वेळा, काका," आत्या म्हणाली. "बाराच्या बारा वेळा."

८

चौकशीचं जे व्हायचं ते झालं. एक मात्र गावानं लक्षात ठेवलं. नवा दांडा आला तेव्हा साहेबांनी नोकरी गेलेली असताना येऊन, बाह्या सरसावून तो स्वतः बसवून दिला, आणि कोणाशी न बोलता घरी गेले. यंत्र धडधडायला लागलं. हेडमास्तरांचा घसा पुन्हा बसला आणि त्यांना कोण आनंद झाला.

जावईबापूंनी एका दुपारी धक्क्यावरून सासऱ्यांपुढे उडी मारण्याचं ठरवलं होतं. काकांनी दंडाला धरून मागे ओढलं. "पिण्याचं पाणी आहे हे! पोहता येतं ना, बास. पाय घासा आणि बसा नावेत." बदकाची बातमी त्यांच्यापर्यंत पोचली होती, पण त्यांनी ती कधी काढली नाही.

सात आठवड्यांनी केमिस्ट मुलगी पळत पळत आत्याच्या घरी आली. हातात तळाच्या बाटलीची चिठ्ठी होती. पुठ्ठ्यावर नुसता निळा चिखल.

"निकाल चांगला आलाय, प्राणवायू परत आलाय. पण त्यांनी काय लिहिलंय ते मला कळत नाही, आणि मला तेच हवंय. वाचून द्या ना."

"मार्कर का नाही देत त्यांना?"

"परत मागून घेतला मी."

आत्या खिडकीशी गेली. चिठ्ठी तिरपी धरली, उजेडाला, मग उजेडाच्या विरुद्ध. चौतीस वर्षांत असले शेकडो पत्ते तिनं घरी पोचवले होते. निळ्या चिखलाखाली पेनाच्या टोकानं पाडलेली खाच दिसली. वाकडा 'स', ठेंगणा 'ह'.

"वास नाही," तिनं वाचलं.